तिकीट काढूनही दंड का भरावा लागतो?

आपल्या धंद्यात रेल्वेवाचून पान हलत नाही. मालेगावचा साडीवाला मनमाड गाठतो, भिवंडीचा कारखानदार कल्याण किंवा ठाण्याची वाट धरतो, इचलकरंजीचा व्यापारी हातकणंगल्याला नाहीतर मिरजेला जातो. सूत आणायचे असो, नमुने दाखवायचे असोत, उधारी वसूल करायची असो की गावाकडून कारागीर आणायचे असोत, रेल्वेचा प्रवास ठरलेलाच. एवढे असून रेल्वेच्या नियमांविषयी आपली माहिती मात्र एका वाक्याची आहे: तिकीट काढले म्हणजे झाले.

बाजारात गाद्यांवर बसलेल्या मंडळींत दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी हकीकत सांगतो. "तिकीट होते हो, तरी टी.सी.ने पैसे घेतले." सगळे जण टी.सी.ला दोष देतात आणि चहा संपतो. या हकीकती मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. काहींमध्ये प्रवाशावर खरोखर अन्याय झालेला असतो. पण बऱ्याच हकीकतींत प्रवासी इमानदार असतो आणि तपासनीसही कायद्याने बरोबर असतो. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, ते आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेणे जरूर आहे. कारण त्यात पैसा जातोच, शिवाय भर फलाटावर चार लोकांत इज्जत जाते.

प्रथम रेल्वेची बाजू. फुकट प्रवास करणारा माणूस तुमच्या-आमच्या पैशाने प्रवास करतो, यात शंका नाही. तपासणी झालीच पाहिजे. मध्य रेल्वेने २०२३-२४ या एका वर्षात सुमारे ३०० कोटी रुपये अशा प्रवाशांकडून वसूल केल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये कल्याण स्थानकावर शंभराहून अधिक तपासनीस एकाच दिवशी उभे केले, तेव्हा चार हजारांवर प्रकरणे सापडली. आकडे मोठे आहेत. मात्र त्यांत एक गोष्ट लपलेली असते. रेल्वे ही वसुली मोजते तेव्हा मुळीच तिकीट न काढलेले, चुकीच्या वर्गाचे किंवा चुकीच्या गाडीचे तिकीट असलेले आणि सामान बुक न केलेले, अशा सगळ्यांची बेरीज एकत्र होते. म्हणजे पकडले गेलेले सगळेच चोर असतात असे नाही. त्यांच्यात खिशात तिकीट असलेली माणसेही असतात.

१९८९ च्या रेल्वे कायद्यात या विषयाची दोन कलमे शेजारी-शेजारी आहेत, आणि आपल्या लोकांची सारी गफलत त्यांच्यातील फरक माहीत नसल्याने होते. कलम १३७ हे फसवणुकीचे आहे. रेल्वेला ठकवण्याच्या इराद्याने विनातिकीट प्रवास केला, किंवा एकदा वापरलेले तिकीट पुन्हा चालवले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड सहसा पाचशेपेक्षा कमी होत नाही. हा गुन्हा आहे आणि तो न्यायाधीशापुढे चालतो. यात नियत पाहिली जाते.

कलम १३८ मध्ये नियतीचा प्रश्नच नाही. मागितल्याबरोबर तिकीट दाखवता आले नाही, किंवा योग्य तिकिटाशिवाय प्रवास केला, तर मूळ भाडे अधिक जादा शुल्क द्यायचे. हे जादा शुल्क भाड्याइतकेच किंवा २५० रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती. कायदा झाला तेव्हा हा किमान आकडा ५० रुपये होता, पुढे तो वाढवून २५० करण्यात आला. लोकलचे कमीत कमी तिकीट ५ रुपयांचे आहे. त्या पाच रुपयांच्या प्रवासात चूक झाली तर २५५ रुपये जातात, म्हणजे एक्कावन्न पट. उलट लांबच्या गाडीत भाडे ४०० रुपये असेल तर ८०० भरावे लागतात, म्हणजे फक्त दुप्पट. जवळचा प्रवास करणाऱ्या मजुराला आणि हातावर पोट असलेल्या कारागिराला हे कलम सर्वांत जास्त झोंबते ते यामुळे.

कलम १३८ मधील "मागितल्याबरोबर" या शब्दावर सगळा खेळ आहे. तुम्ही तिकीट विकत घेतले होते की नाही, हे तपासनीस विचारत नाही. आत्ता, या क्षणी, दाखवता येते की नाही, एवढेच तो विचारतो. आपण व्यापाऱ्यांनी यावर रागावू नये, कारण हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. माल खरेदी केलेला असतो, कर भरलेला असतो, बिल दुकानात पडलेले असते, पण गाडीत ई-वे बिल नसले की नाक्यावर ट्रक थांबतो. तेथे "घरी आहे साहेब" चालत नाही. रेल्वेतही महिन्याचा पास घरी विसरलेला मनुष्य त्या दिवशी कायद्याच्या नजरेत विनातिकीट असतो, मग तो वीस वर्षांचा पासधारक का असेना.

आता इमानदार माणूस कोठे-कोठे अडकतो ते पाहू.

सर्वांत जास्त फसगत गाडीच्या प्रकारात होते. साध्या पॅसेंजरचे तिकीट वेगळे, मेल-एक्स्प्रेसचे वेगळे, आणि सुपरफास्ट गाडीला त्यावर आणखी अधिभार. पंचवटी ही सुपरफास्ट आहे. मनमाडला घाईने खिडकीवर नुसते "नाशिक रोड" म्हणून तिकीट घेतले आणि समोर पंचवटी उभी दिसली म्हणून चढलो, तर तिकीट कमी दर्जाच्या गाडीचे ठरू शकते. कायद्यात वरच्या वर्गाच्या डब्याबरोबर वरच्या दर्जाच्या गाडीचाही उल्लेख आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. खिडकीवर गाडीचे नाव सांगून तिकीट मागावे. हातात पडताच त्यावर काय छापले आहे ते तेथेच वाचावे, किंवा वाचता येत नसेल तर कोणाकडून वाचून घ्यावे. त्यात लाज कसली?

दुसरी गोष्ट वेळेची. १ मार्च २०१६ पासून १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो; तोवर त्या दिशेची गाडीच नसेल तर पहिली गाडी सुटेपर्यंत मुदत राहते. पूर्वी आपल्यातील कित्येक जण सकाळी स्टेशनवरून जाताना संध्याकाळचे तिकीट घेऊन ठेवत, म्हणजे रांग टळे. आज तेच तिकीट संध्याकाळी रद्दी ठरते. तारीख बरोबर, स्थानक बरोबर, पैसे भरलेले, आणि तरीही दंड. ज्याने सावधगिरी म्हणून लवकर तिकीट काढले तोच येथे गोत्यात येतो.

तिसरी गोष्ट मोबाइलची. लोकल व साध्या डब्याची तिकिटे फोनवर मिळू लागली तेव्हा रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्यांना खरोखर दिलासा मिळाला. प्रथम यूटीएस ॲप होते, जुलै २०२५ मध्ये रेल्वेने रेलवन नावाचे ॲप आणले. परंतु फोनवरचे तिकीट त्या ॲपमध्येच उघडून दाखवावे लागते. त्याचा फोटो काढून दुसऱ्याच्या फोनवर पाठवला तर तो तिकीट म्हणून चालत नाही. कारखान्यात हे नेहमी घडते. शेठ आपल्या फोनवर तिकीट काढतो, त्याचा फोटो कारागिराला व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि समजतो की काम झाले. पोरगा स्टेशनवर पकडला जातो आणि शेठचा फोन लागत नाही. पैसे शेठने भरले, दंड पोराने भरला. फोनची बॅटरी संपली तरीही परिणाम तोच, तिकीट नाही असेच धरले जाते. ज्याचा फोन जुना आहे, किंवा ज्याला दिवसभर फोन चार्ज करायला जागा नाही, त्याने कागदी तिकीट घेणेच शहाणपणाचे.

चौथी गोष्ट बिहार, उत्तर प्रदेश, बंगालकडे जाणाऱ्या कारागिरांची. ईदच्या आधी भिवंडी-मालेगावहून हजारो माणसे गावाकडे निघतात आणि वेटिंगची तिकिटे हातात घेऊन निघतात. येथे खिडकीचे तिकीट आणि इंटरनेटचे तिकीट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंटरनेटवरचे तिकीट चार्ट बनल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिले तर ते आपोआप रद्द होते, आणि पैसे ज्या खात्यातून गेले त्या खात्यात परत जातात. आता ते खाते बहुधा दलालाचे किंवा सायबर कॅफेवाल्याचे असते. कारागिराच्या हाती राहतो एक छापील कागद, ज्यावर त्याचे नाव आहे, गाडीचा नंबर आहे, रक्कमही आहे, फक्त तिकीट नाही! तो भल्या विश्वासाने गाडीत चढतो आणि विनातिकीट ठरतो. खिडकीवरून घेतलेले वेटिंग तिकीट असे आपोआप रद्द होत नाही, त्यावर साध्या डब्यातून जाता येते. पण १ मे २०२५ पासून रेल्वे हे कडकपणे पाहू लागली आहे की वेटिंगवाल्याने स्लीपर किंवा ए.सी. डब्यात पाऊल ठेवू नये. आर.ए.सी. असेल तर चिंता नाही, तो डब्यात बसू शकतो.

दलालाबद्दल एक शब्द बोलणे भाग आहे. परवान्याशिवाय तिकिटांचा धंदा करणे हा कलम १४३ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. दलाल पकडला गेला की त्याने काढलेली तिकिटे बाद होऊ शकतात. प्रवाशाने तिकिटापेक्षा तीनशे-चारशे रुपये जास्त मोजलेले असतात, त्याने कोणालाही फसवलेले नसते, आणि ऐन सणात त्याचे घरी जाणे बुडते. आपल्या कारखान्यातील माणसांची तिकिटे मालकाने किंवा मुनीमाने खिडकीवरून वा अधिकृत मार्गाने वेळेत काढून द्यावीत. आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होते. पूर्वी ते एकशेवीस दिवस आधी सुरू होई, नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत निम्मी झाली. ईदची तारीख एखाद्या दिवसाने पुढे-मागे होईल, पण महिना तर सर्वांना माहीत असतो.

नावाचाही घोळ आहेच. आरक्षित तिकीट ज्याच्या नावाचे त्यानेच वापरायचे. भागीदार आजारी पडला म्हणून त्याच्या तिकिटावर मी गेलो, तर मी गुन्हेगार नसेन, पण विनातिकीट नक्की आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती, पत्नी यांच्या नावावर पक्के तिकीट बदलून मिळते, त्यासाठी गाडीच्या चोवीस तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. भागीदार आणि नोकर या यादीत नाहीत. आपल्या नावांच्या स्पेलिंगची तर तऱ्हाच न्यारी. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पॅनवर तिसरे. शेख कोठे एका प्रकारे लिहिलेले, कोठे दुसऱ्या. मोहम्मदचे कोठे दोन अक्षरांत आटोपते तर कोठे पूर्ण लिहिलेले असते. माझ्या उर्दू शाळेच्या कागदांवरून इंग्रजीत नाव लिहिताना कारकुनाने जे लिहिले ते मी आजवर निस्तरतो आहे. जुलै २०२५ पासून तत्काळचे ऑनलाइन तिकीट काढायला आधारची पडताळणी लागते, म्हणून तिकिटावर नाव टाकताना जे ओळखपत्र खिशात असणार त्यावरील अक्षरांबरहुकूम टाकावे. इंटरनेटच्या तिकिटावर प्रवास करताना त्यातील एका तरी प्रवाशाकडे ओळखपत्र असलेच पाहिजे, नाहीतर सगळेच विनातिकीट.

आरक्षित छापील तिकीट हरवले तर घाबरून जाऊ नये. तिकीट पक्के किंवा आर.ए.सी. असेल आणि चार्ट बनला नसेल तर थोडे शुल्क भरून दुसरी प्रत मिळते. चार्टनंतर निम्मे भाडे भरावे लागते. साध्या डब्याच्या तिकिटाला ही सोय नाही.

आता सामान. हा भाग कापडवाल्यांसाठी आहे आणि यात माझे स्वतःचे पैसे गेलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मुंबईच्या बाजारातून दोन गाठोडी घेऊन स्लीपरने परतत होतो. नमुन्याचे तागे आणि थोडा तयार माल. तिकीट पक्के, ओळखपत्र जवळ, सगळे ठाकठीक. उतरल्यावर दारात तपासनीसाने थांबवले.

"शेठ, तिकीट बरोबर आहे. सामानाची पावती?"

"सामान माझेच आहे."

"तुमचेच आहे हो. वजन करू या."

वजन साठ किलोच्या वर निघाले. अर्धा तास हुज्जत घातली, शेवटी पैसे भरले आणि मनात त्या माणसाला बरेच काही बोललो. पुढे काही दिवसांनी पार्सल ऑफिसातील एका वयस्कर कारकुनाला हकीकत सांगितली. तो हसला. म्हणाला, "शेठ, तुम्ही घालायचे कपडे ते लगेज. गिऱ्हाइकाने घालायचे ते पार्सल." माझी चूक दंडाच्या रकमेत नव्हती, ती मुळातच होती.

नियम असा की सेकंड क्लासमध्ये ३५ किलो, स्लीपर व थर्ड ए.सी.त ४०, सेकंड ए.सी.त ५० आणि फर्स्ट ए.सी.त ७० किलो सामान मोफत नेता येते. त्यापेक्षा जास्त असेल तर आधी लगेज ऑफिसात बुक करायचे, तेही ठराविक मर्यादेपर्यंतच. सेकंड क्लासला एकूण ७० आणि स्लीपरला ८० किलो. बुक न करता पकडले गेले आणि जादा वजन दहा-एक किलोच्या आत असले तर फारसा भार पडत नाही, पण त्याहून जास्त निघाले तर जादा वजनावर लगेजच्या दराच्या सहापट आकार बसतो. आणि व्यापारी माल, मग तो कितीही कमी असो, डब्यात स्वतःचे सामान म्हणून नेण्याची परवानगीच नाही. तो पार्सलने ब्रेकव्हॅनमध्ये टाकायचा. लोकलमध्ये मालासाठी वेगळे डबे असतात, गठ्ठा घेऊन साध्या डब्यात शिरणारा माणूस लोकांच्याही शिव्या खातो आणि तपासनीसाच्याही नजरेत भरतो. चार साड्यांचे नमुने पिशवीत नेले म्हणून कोणी अडवत नाही, हे व्यवहारात खरे आहे. पण गाठोडे बांधले, त्यावर सुतळी मारली आणि कोपऱ्यावर शाईने मार्का लिहिला, की ते सामान राहत नाही, माल होतो. तपासनीसाला ते आपल्याइतकेच कळते.

समजा, पकडले गेलोच. तर काय करावे?

वाद घालण्याआधी विचारावे की कोणत्या कारणासाठी पैसे मागता. भाड्यातील फरक, जादा शुल्क की सामानाचा आकार. मग पावती मागावी. पावतीवर कोठून कोठपर्यंतचे भाडे धरले ते लिहिलेले असते आणि ते नीट पाहावे. कारण कायद्याने, तुम्ही कोठे चढलात याची शंका असेल तर गाडी जेथून निघाली तेथपासूनचे भाडे घेता येते, किंवा वाटेत जेथे शेवटची तपासणी झाली तेथपासूनचे. हावडा-मुंबई मेलमध्ये मनमाडला चढलेल्या माणसाकडे मनमाडला चढल्याचा काहीच पुरावा नसेल तर हिशेब हावड्यापासून सुरू होऊ शकतो. फलाटाचे तिकीट, मालेगाव-मनमाड एस.टी.चे तिकीट, अशी चिठोरी अशा वेळी कामाला येतात. फलाट तिकिटाने प्रवासाचा हक्क मिळत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. पावतीशिवाय पैसे देणे म्हणजे स्वतःच दोषी होणे. शंभर-दोनशेत सुटलो म्हणून जे खुश होतात त्यांच्या हाती पुढच्या दारावर दाखवायला काहीच नसते.

तिकीट काढायला वेळच मिळाला नाही, तर त्याचीही वाट कायद्यात आहे. चढण्यापूर्वी गार्डला, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, किंवा अधिकार असलेल्या कर्मचाऱ्याला सांगून परवानगीचा दाखला घ्यायचा. दाखला असेल तर फक्त भाडे लागते, जादा शुल्क लागत नाही. वीस-चोवीस डब्यांच्या गाडीला दोन मिनिटे थांबा असताना हे कितपत जमते, हा प्रश्न वेगळा. निदान आपण होऊन आधी सांगणारा आणि पकडल्यावर सांगणारा यांत कायदा फरक करतो. उतरायचे स्थानक पुढे वाढवायचे असले तरी हेच, आपले स्थानक येण्याआधी तपासनीसाला गाठावे.

पैसेच नसतील तर तपासनीस प्रकरण न्यायाधीशापुढे नेऊ शकतो, आणि तेथेही भरले नाहीत तर दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. गरीब कारागीर येथे एक घातक चूक करतो. लवकर सुटका व्हावी म्हणून जे विचारतील त्याला "हो साहेब" म्हणतो. कलम १३८ ची रक्कम भरणे आणि कलम १३७ चा गुन्हा कबूल करणे यांत फार अंतर आहे. पहिल्यात खिसा रिकामा होतो, दुसऱ्यात फसवणुकीची शिक्षा नावावर चढते. ज्याने तिकीट काढले होते पण ते हरवले किंवा चुकीचे निघाले, त्याने फसवण्याचा इरादा नव्हता हे न्यायाधीशाला स्पष्ट सांगावे आणि वकील हवा असल्यास मागावा. मोफत कायदेशीर मदतीची सोय आहे.

घरातील स्त्रियांना एक गोष्ट जरूर सांगून ठेवावी. एकट्या स्त्रीला किंवा मुलाला, सोबत पुरुष नसताना, तिकिटाच्या कारणावरून गाडीतून वाटेल तेथे उतरवता येत नाही. ज्या स्थानकावर ती चढली तेथे, किंवा जंक्शन, शेवटचे स्थानक वा जिल्ह्याचे ठिकाण असेल तेथे, आणि तेही दिवसा. हे कलम १३९ मध्ये आहे. योगायोग असा की रेल्वेच्या तक्रारीचा फोन नंबरही १३९ च आहे, त्यामुळे दोन्ही लक्षात राहायला सोपे.

तपासणीच्या पद्धतीबद्दल माझे एक गाऱ्हाणे आहे. रोज फुकट फिरणाऱ्याला कोणत्या पुलावर कोण उभे आहे हे पाठ असते. तो पुढचा डबा सोडून मागून उतरतो, रुळ ओलांडतो, निसटतो. जो सरळ जिन्याने येतो तो बहुतेक सरळच माणूस असतो. त्यातही ज्याचे कपडे मळलेले, हातात पिशवी, चालण्यात परगावचा गोंधळ, त्याला आधी थांबवले जाते. तपासनीसांना महिन्याची वसुली दाखवावी लागते, आणि चुकीच्या तिकिटाचा गरीब माणूस हे सर्वांत सोपे गिऱ्हाईक असते. ज्याच्याकडे तिकीट आहे पण गाडी किंवा वेळ चुकली आहे, त्याच्याकडून फरक घ्यावा, फार तर थोडा दंड घ्यावा. ज्याने तिकीटच काढले नाही त्याच्याइतकेच किमान अडीचशे त्यालाही लावणे न्यायाचे नाही. कायदा बदलायचा तर येथे बदलायला हवा.

शेवटी तिकिटाच्या एका उपयोगाबद्दल, ज्याचा विचार आपण करत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि काही जणांचा जीव गेला. अशा अपघातात रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे भरपाई मिळते, १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ती आठ लाख रुपये आहे. पण अट अशी की मृत व्यक्ती प्रामाणिक प्रवासी असली पाहिजे. म्हणजे तिकीट किंवा पास असलेली. गर्दीत पडलेल्या माणसाच्या खिशातील तिकीट सापडतेच असे नाही, फोन तर बहुधा चक्काचूर झालेला किंवा गायब. पूर्वी कित्येक दावे याच मुद्द्यावर अडत. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी खटल्यात हे स्पष्ट केले की प्रेताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे म्हणता येणार नाही. वारसांनी आधी प्रतिज्ञापत्र करून हकीकत मांडायची, मग ती खोटी आहे हे दाखवण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते.

म्हणून पासची झेरॉक्स घरी ठेवावी. फोनवर तिकीट काढणाऱ्याने आपला नोंदवलेला मोबाइल नंबर घरात लिहून ठेवावा, म्हणजे तिकिटाची नोंद नंतर काढता येते. आमच्या गादीवर माणूस वसुलीला किंवा गावी निघाला की मुनीम रोजमेळाच्या कडेला गाडीचे नाव आणि तिकिटाचा नंबर टिपून ठेवतो. भरपाईचा अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो, आपल्याकडे त्याची खंडपीठे मुंबईला व नागपूरला आहेत, आणि तो अपघातापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. उशीर झाला तर उशिराचे सबळ कारण दाखवावे लागते.